घराचा राखणदार : मोठा कुत्रा पाळण्यापूर्वीं

मनुष्यानें पाळलेल्या सर्व प्राण्यांत कुत्रा हा त्याचा सर्वांत जुना सोबती होय. गाय, घोडा, मेंढी हीं जनावरें मागाहून त्याच्या अंगणांत आलीं. कुत्रा त्यापूर्वींच त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. जर्मनींत ओबरकासेल येथें सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें एक थडगें सांपडलें. त्यांत एक पुरुष व एक स्त्री यांच्या सांगाड्यांबरोबर कुत्र्याच्याहि अस्थि होत्या. इतक्या जुन्या सोबत्यावर आपल्या घराची राखण सोंपवावी असें एखाद्या कुटुंबास वाटलें, तर त्यांत नवल तें काय?

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांचे पालक हा विषय आमच्याजवळ वारंवार काढूं लागले आहेत. कांजूरमार्गची वस्तीच तशी आहे. पूर्वेस मिठागरें व ठाण्याची खाडी, पश्चिमेस पवईच्या टेंकड्या, मधून रेल्वेचा मार्ग. त्याच्या दोहों अंगांस चाळी, कामगारांच्या व नोकरदारांच्या वसाहती, जुन्या गांवठाणांतील घरें आणि नवे उंच मनोरे. आईबाप दोघेंहि सकाळच्या गाडीनें कामास जातात. घरीं उरते एखादी वृद्ध आजी व शाळेंतून परतलेलीं मुलें. दाराशीं एखादा धिप्पाड कुत्रा असला म्हणजे मन निश्चिंत राहील, असें त्यांस वाटतें. मग कोणी जर्मन शेफर्डचें, कोणी रॉटवायलरचें, कोणी ग्रेट डेनचें नांव घेऊन येतात व "यांपैकीं कोणता चांगला?" असें विचारतात.

या प्रश्नास एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. कुत्र्याची जात पारखण्यापूर्वीं आपलें घर पारखावें लागतें, आणि नेमकें तेंच करावयाचें बहुधा राहून जातें. कुत्रा चांगला कीं वाईट हें बऱ्याच अंशीं घरच ठरवितें. हें कसें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस क्रमानें समजावून सांगावें, हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम 'राखण' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊं. कुत्रा घराचें रक्षण तीन प्रकारें करतो. पहिला प्रकार इशाऱ्याचा : परका मनुष्य दाराशीं येतांच भुंकून घरच्यांस सावध करणें. दुसरा दराऱ्याचा : ज्याचा देह पाहून व आवाज ऐकून परक्याचें पाऊल आपोआप मागें सरावें. तिसरा प्रकार प्रत्यक्ष अंगावर जाण्याचा. पहिल्या प्रकारास मोठ्या देहाची मुळींच गरज नाहीं. चोराचें बळ अंधारांत व शांततेंत असतें. शेजार जागा झाला कीं तें बळ सरतें. चाणक्यनीतींत कुत्र्यापासून शिकण्यासारखे जे सहा गुण सांगितले आहेत, त्यांत गाढ झोंप असूनहि चटकन जागें होणें हा एक गुण गणलेला आहे. निष्ठा आहे, शौर्य आहे, अल्पांत संतोष मानणें आहे. देहाच्या धिप्पाडपणाचा मात्र त्यांत उल्लेख नाहीं.

तिसऱ्या प्रकाराविषयीं पालकांनीं फार सावध असावें. पोलिसांच्या कुत्र्यास अंगावर जाण्याचें शिक्षण देतात, तितक्याच कसोशीनें आज्ञा होतांच थांबण्याचेंहि देतात, आणि कामावर असतांना त्याचा शिक्षक त्याच्या शेजारीं असतो. घरगुती कुत्र्यापाशीं असा शिक्षक नसतो. तिन्हीसांजेस दाराशीं आलेला मनुष्य चोर आहे, कीं गॅसची टाकी घेऊन आलेला कामगार आहे, कीं गांवाहून न कळवितां आलेला मामा आहे, हा निवाडा त्या मुक्या जनावरानें कशाच्या आधारें करावा? म्हणून कुटुंबास इशारा हवा, थोडा दरारा असल्यास उत्तम. परंतु हल्ला नको. हें एकदां मनांत ठरलें म्हणजे अर्धी निवड झाली.

आतां जातींकडे वळूं. कुत्र्याची प्रत्येक जात मनुष्यानें कोणत्या तरी कामासाठीं घडविली, आणि त्या कामाची ओढ तिच्या रक्तांत उतरली आहे. तें काम कोणतें हें न विचारतां केवळ चित्र पाहून कुत्रा आणणें, म्हणजे नांगराचा बैल टांग्यास जुंपण्यासारखें होय.

डोबरमान ही जात जर्मनींतील अपोल्डा या गांवीं निर्माण झाली. तेथें कार्ल फ्रीड्रिख लुइस डोबरमान नांवाचे गृहस्थ करवसुलीचें काम करीत. पैसे घेऊन एकट्यानें फिरावें लागे, म्हणून त्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चपळ, सावध व धन्याच्या पायाशीं चिकटून राहणारा कुत्रा मुद्दाम पैदा केला. म्हणजे ही जात एका माणसाच्या अंगरक्षणासाठीं जन्मली. तिला धनी सतत जवळ हवा असतो. दिवसभर एकटी कोंडल्यास ती बेचैन होते.

जर्मन शेफर्डचा इतिहास याहून निराळा आहे. घोडदळांतील अधिकारी मॅक्स फॉन स्टेफानिट्झ यांनीं १८९९ सालीं एक मेंढपाळी कुत्रा विकत घेतला, त्याचें नांव होरांड असें ठेविलें व त्यापासून ही जात सिद्ध केली. मेंढपाळाच्या खुणेसरशीं धांवणें, कळपाच्या कडेनें फेरे घालणें व चुकलेल्या मेंढीस परत आणणें हें त्याचें मूळ काम. म्हणून हा कुत्रा लवकर शिकतो व आज्ञा मानतो. पुढें सैन्यांत व पोलिसांत त्याचा शिरकाव झाला तो याच गुणामुळें. परंतु ज्यास दिवसभर फेरे घालण्यासाठीं घडविलें, त्यास गॅलरींत बांधून ठेविलें तर तो आपलें काम स्वतःच शोधतो : कधीं धांवणाऱ्या मुलांना मेंढरांसारखा अडवितो, तर कधीं दाराची लांकडी चौकट कुरतडतो.

रॉटवायलर हा जर्मनींतील रॉटवाइल गांवच्या खाटकांचा व गुरें हांकणाऱ्यांचा कुत्रा. गुरें आगगाडीनें जाऊं लागलीं तेव्हां त्याचें काम गेलें व पुढें पोलिसांनीं त्यास आश्रय दिला. पूर्ण वाढलेला नर ५० किलो भरतो; बैलास मागें रेटण्याचें बळ त्याच्या अंगांत असतें. घरांतील सर्वांत अशक्त माणसास हें बळ आवरतां येईल काय, एवढाच प्रश्न पालकांनीं स्वतःस विचारावा. ग्रेट डेन नांवानें डेन्मार्कचा असला तरी जातीनें जर्मन. रानडुकरांच्या शिकारीसाठीं त्याची पैदास झाली. स्वभावानें तो बहुधा सौम्य असतो, परंतु त्याची उंची खांद्यापाशीं अडीच फुटांहून अधिक व आयुष्य अवघें आठ ते दहा वर्षांचें. सेंट बर्नार्डचें नांव पाठ्यपुस्तकांतून आपल्या परिचयाचें आहे. आल्प्स पर्वतांतील एका खिंडींत संन्याशांचा मठ आहे; तेथील बॅरी नांवाच्या कुत्र्यानें (१८००–१८१४) बर्फांत सांपडलेल्या चाळिसांहून अधिक प्रवाशांचे प्राण वांचविले असें सांगतात, व त्याचा देह बर्नच्या संग्रहालयांत आजहि जपून ठेविलेला आहे. बर्फासाठीं जन्मलेल्या या जीवास मुंबईच्या वैशाखांत आणणें ही दया नव्हे.

हें केवळ भावनेचें बोलणें नाहीं. त्यास शास्त्राचा आधार आहे. कुत्र्यास आपल्याप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरील व श्वासमार्गांतील ओलावा वाफ होऊन उडतो आणि शरीर निवतें. परंतु हवेंतच दमटपणा अधिक असला म्हणजे ओलावा लवकर उडत नाहीं. खाडीकांठच्या आपल्या उपनगरांत मे महिन्यांत कपडे वाळत घातले तर ते किती वेळ ओलसर राहतात, हें विद्यार्थ्यांनीं घरीं पाहिलेंच असेल. तोच नियम कुत्र्याच्या जिभेसहि लागू आहे. कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती फार वाढली म्हणजे उष्माघात होऊन थोड्याच अवधींत मृत्यु येऊं शकतो. देह जितका मोठा व केंस जितके दाट, तितका हा धोका अधिक.

परदेशी जातींची ही कथा झाली. आपल्या मुलखांतहि राखणीची परंपरा आहे. हिमालयांतील मेंढपाळांचा दाट केंसांचा मोठा कुत्रा प्रसिद्ध आहे. बिबट्यानें गळा धरूं नये म्हणून त्याच्या मानेभोंवतीं लोखंडी खिळ्यांचा पट्टा बांधतात. तामिळनाडूंत राजापालयम या गांवच्या नांवाची शुभ्र, उंच जात आहे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, आतांच्या बागलकोट जिल्ह्यांत, मुधोळ हें घोरपडे घराण्याचें जुनें संस्थान होतें. तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनीं ज्या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली ते मुधोळ हाउंड या नांवानें ओळखले जातात. त्याच गणगोतांतील कुत्र्यांस आपल्याकडे कारवान असें म्हणतात. भारतीय टपाल खात्यानें ९ जानेवारी २००५ रोजीं आपल्या देशी कुत्र्यांचीं जीं चार तिकिटें काढलीं, त्यांत हिमालयी मेंढपाळ, रामपूर, मुधोळ व राजापालयम या चार जाती होत्या.

परंतु देशी म्हणून डोळे मिटून निवडावें असेंहि नाहीं. मुधोळ हा सडपातळ व लांब पायांचा कुत्रा सशामागें उघड्या माळावर धांवण्यासाठीं आहे. त्याची नजर तीक्ष्ण आणि वेग अचाट. ज्या घरास माळ नाहीं त्यानें हा वेग कोठें ठेवावा? राजापालयमच्या कांहीं कुळांत जवळच्या नात्यांतील पैदाशीमुळें जन्मतः बहिरेपणा आढळतो. पिलूं घेतांना टाळी वाजवून परीक्षा करणें हितावह. या सर्वांच्या मानानें ज्यास आपण 'गांवठी' म्हणून नाक मुरडतों, तो रस्त्यावरचा कुत्रा आपल्या हवेस शतकानुशतकें रुळलेला आहे. केंस आंखूड, देह मध्यम, भूक बेताची, कान सदैव टवकारलेले. लहानपणापासून घरांत प्रेमानें वाढविला तर इशारा देण्याच्या कामीं तो कोणत्याहि किमती कुत्र्यास हार जात नाहीं.

आकारानें रक्षण होत नाहीं याचा मोठा दाखला आपल्याच शहरांत घडला आहे. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत बॉम्बस्फोट झाले. त्या काळांत मुंबई पोलिसांच्या पथकांत 'जंजीर' नांवाचा लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा होता. त्यानें केवळ नाकाच्या बळावर ३,३२९ किलो आर.डी.एक्स. ही स्फोटकें, ६०० स्फोटक नळ्या व २४९ हातबॉम्ब शोधून काढले अशी नोंद सांगितली जाते. किती घरें त्यामुळें वांचलीं याची मोजदाद कोणास करतां येईल? १६ नोव्हेंबर २००० रोजीं तो मरण पावला तेव्हां पोलिसांनीं त्यास सन्मानानें निरोप दिला. लॅब्रॅडोर ही जात उग्रतेसाठीं नव्हे, तर सौम्यतेसाठीं प्रसिद्ध आहे. जंजीरनें शहराचें रक्षण केलें तें चावून नव्हे. शिक्षण, शिस्त आणि आपल्या माणसावरील विश्वास यांच्या योगें.

आतां घराकडे वळूं. कुत्रा आणण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबानें स्वतःस पुढील प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न जागेचा. कुत्र्यास पाय पसरून निजावयास, वळावयास, व पाहुणे आले असतां बाजूस बसावयास जागा आहे काय? जिन्याखालीं किंवा गॅलरीच्या कोंपऱ्यांत आंखूड साखळीनें बांधलेला कुत्रा राखणदार नसून कैदी असतो. आणि कैद्याचा स्वभाव चिडखोर होतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. मोठ्या कुत्र्यास सकाळ-संध्याकाळ मिळून निदान एक-दीड तास फिरवावें लागतें. पावसाळ्यांतहि, परीक्षेच्या दिवसांतहि, आणि रविवारींहि. हें काम कोण करणार? "मुलें करतील" हें उत्तर ग्राह्य धरूं नये. चाळीस किलोचा कुत्रा मांजरामागें धांवला तर बारा वर्षांच्या मुलाच्या हातांत पट्टा राहत नाहीं, किंवा पट्टा राहतो व मूल फरपटत जातें.

तिसरा प्रश्न खर्चाचा. चाळीस किलो वजनाच्या कुत्र्यास दिवसाकाठीं सुमारें १,८०० ते २,००० कॅलरी अन्न लागतें. म्हणजे घरांत एक प्रौढ माणूस वाढला असें समजावें. केवळ पोळी व दूध यांवर तो नीट वाढत नाहीं. शिवाय लसी, जंतांचीं औषधें, गोचिडांवरील उपाय आणि आजारपण हीं आलींच. ज्यांस खाजगी पशुवैद्याचा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं परळ येथील बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय ध्यानांत ठेवावें. एकोणिसाव्या शतकापासून तें मुंबईच्या मुक्या प्राण्यांची सेवा करीत आलें आहे.

चौथा प्रश्न वर्षांचा. आज पांचवींत असलेला मुलगा महाविद्यालय सोडील तोंवर हा कुत्रा जगेल. बदली झाली, घर बदललें, आजी आजारी पडली, तर त्याचें काय? आमच्या पाहण्यांतील एका कुटुंबानें दोन खोल्यांच्या घरांत ग्रेट डेनचें पिलूं मोठ्या हौसेनें आणलें. वर्षाच्या आंत तें चाळीस किलोंवर गेलें. त्याच्या शेंपटाच्या फटक्यानें भांडीं पडूं लागलीं, आजीस दारांतून जाणें कठीण झालें. मग तें जिन्यांत बांधलें. तेथें येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यास हटकूं लागला व तेंहि प्रत्येकावर गुरगुरूं लागलें. शेवटीं एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर त्याची रवानगी झाली व तेथें अन्न टाकून बसलें. त्यांत दोष ना जातीचा, ना कुत्र्याचा. घर आधीं पारखलें नव्हतें इतकेंच.

आमच्या भागापुरता आणखी एक विचार करणें अवश्य आहे. पवईच्या पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि २०१५ सालच्या मोजणींत तेथें ३५ बिबटे आढळले होते. बिबट्यास कुत्रा हें आवडतें भक्ष्य होय. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले भागांत डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेला अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत बिबट्यांच्या आहाराचा सर्वांत मोठा वांटा, सुमारें चाळीस टक्के, पाळीव व मोकाट कुत्र्यांचा असल्याचें दिसून आलें. म्हणून टेंकडीलगत राहणाऱ्यांनीं रात्रीं कुत्रा अंगणांत बांधून ठेवूं नये. बांधलेल्या कुत्र्यास ना पळतां येतें ना लढतां येतें. जो घराच्या रक्षणासाठीं ठेविला तोच अशा वेळीं बिबट्यास घरापर्यंत बोलावून आणतो. रात्रीं कुत्र्याची जागा दाराच्या आंत.

आतां सर्वांत महत्त्वाचा भाग : मुलें. कुत्रा चावण्याच्या घटनांत मुलांचें प्रमाण मोठें असतें, आणि पुष्कळदां चावणारा कुत्रा परका नसून घरचा किंवा शेजारचा असतो. लहान मुलाचें तोंड मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीस येतें, म्हणून जखम बहुधा चेहऱ्यावर होते. विद्यार्थिमित्रहो, पुढील गोष्टी पाठ करून ठेवा. खाणाऱ्या, झोंपलेल्या व पिलांजवळच्या कुत्र्यास हात लावूं नये. त्याच्या गळ्यास मिठी मारूं नये. आपणांस ती माया वाटते, त्यास ती कोंडी वाटते. त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवून टक लावूं नये. परका कुत्रा अंगावर येत असेल तर पळूं नये. हात अंगालगत घेऊन झाडासारखें स्तब्ध उभें राहावें, आणि पडल्यास मान व कान हातांनीं झांकून अंग आंखडून घ्यावें. शेंपूट हालतें म्हणजे कुत्रा खूष आहे, असा समज सर्वत्र आहे; तो नेहमींच खरा नसतो. अंग ताठ झालें, तोंड बाजूस वळवून डोळ्यांचें पांढरें दिसूं लागलें, ओंठ वारंवार चाटले, कीं कुत्रा "पुरे" असें सांगत आहे हें समजावें. आणि पालकांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, गुरगुरणाऱ्या कुत्र्यास त्याबद्दल मारूं नये. गुरगुरणें हा त्याचा इशारा आहे. तो बंद पाडला तर पुढच्या वेळीं तो न गुरगुरतां चावेल. अगदीं लहान मूल व कुत्रा यांस, तो कितीहि विश्वासू असो, एकटें सोडूं नये.

"कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडेंच" ही म्हण आपण माणसांच्या हट्टाविषयीं वापरतों. कुत्र्याच्या स्वभावाविषयीं मात्र ती खरी नव्हे. पिलाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या काळांत त्यानें जीं माणसें, जे आवाज, जीं वाहनें शांतपणें पाहिलीं-ऐकिलीं, त्यांचें भय त्यास पुढें सहसा वाटत नाहीं. 'राखणदार करावयाचा' म्हणून पिलास कोणासहि भेटूं न देणें ही मोठी घोडचूक आहे. असा कुत्रा शूर होत नाहीं, भित्रा होतो. आणि भित्रा कुत्राच अधिक चावतो. 'बैस', 'थांब', 'सोड', 'ये' या चार आज्ञा घरांतील प्रत्येकानें एकाच शब्दांत द्याव्या आणि त्या पाळल्या म्हणजे खाऊ व शाबासकी द्यावी. मारानें आज्ञाधारकपणा येत नाहीं. संधीची वाट पाहणें तेवढें येतें.

पिलूं घेतांना त्याची आई अवश्य पाहावी. तिचा स्वभाव हाच त्याचा उत्तम दाखला. २०१७ सालच्या श्वान-पैदास व विक्रीविषयक नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकण्यास मनाई आहे. आईपासून लवकर तोडलेलें पिलूं चावण्याची मर्यादा शिकत नाहीं, हें त्यामागील एक कारण होय.

कायद्याचाहि विचार करावा. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दींत कुत्रा पाळण्यास पालिकेचा परवाना लागतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वयें, आपल्या जनावरापासून माणसास इजा होऊं नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्या धन्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली. मार्च २०२४ मध्यें केंद्र सरकारनें रॉटवायलर, पिटबुल, मॅस्टिफ इत्यादि २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवावी असें परिपत्रक काढलें होतें. संबंधितांचें म्हणणें ऐकून न घेतल्याच्या कारणावरून कर्नाटक व दिल्ली येथील उच्च न्यायालयांनीं एप्रिल २०२४ मध्यें तें रद्द केलें. परिपत्रक गेलें तरी त्यामागील चिंता गेली नाहीं. ज्या जाती झुंजीसाठीं किंवा मोठ्या श्वापदांशीं लढण्यासाठीं घडविल्या गेल्या, त्या नवख्या कुटुंबानें दाट वस्तींत आणूं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रोगांविषयीं दोन शब्द. रेबीज, म्हणजे पिसाळण्याचा रोग, एकदां लक्षणें दिसूं लागल्यावर जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. माणसास होणाऱ्या या रोगापैकीं ९९ टक्के कुत्र्यांपासून होतो. परंतु तो टाळतां येतो. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ मीस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास आपली लस टोंचण्यास आरंभ केला व तो मुलगा वांचला. आज ही लस महापालिकेच्या रुग्णालयांत मिळते. कुत्रा चावला किंवा ओरखडा निघाला तर प्रथम जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पूर्ण १५ मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट कांहींहि लावूं नये. आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पांच इंजेक्शनांची पद्धत असेल तर पहिल्यानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशीं तीं घ्यावयाचीं असतात. एकहि चुकवूं नये. आपल्या कुत्र्यास तीन महिन्यांचा होतांच ही लस द्यावी व दर वर्षीं ती पुन्हां द्यावी. पावसाळ्यांत तुंबलेल्या पाण्यांत उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतु असतात. ते कुत्र्यास व त्याच्यापासून माणसासहि बाधूं शकतात. त्याविरुद्धहि कुत्र्यांसाठीं लस आहे. साचलेल्या पाण्यांतून कुत्रा फिरवूं नये.

आतां मूळ प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत देतां येईल. एक-दोन खोल्यांचें घर व दिवसभर बाहेर असणारीं माणसें, अशा कुटुंबानें मोठा कुत्रा पाळूंच नये. दारास मजबूत कडी, जिन्यांत दिवा व शेजाऱ्यांशीं सलोखा हीच त्याची खरी राखण. घरीं दिवसभर कोणी समर्थ माणूस असेल व रोज फिरविण्याची तयारी असेल, तर एखादें गांवठी पिलूं, किंवा सौम्य स्वभावाचा लॅब्रॅडोर. मात्र लॅब्रॅडोर परक्याचेंहि स्वागत करील हें गृहीत धरावें. त्याचा दरारा त्याच्या आकारांत व आवाजांतच आहे. तळमजला, कुंपणाचें अंगण, शिक्षण देण्याची आवड आणि पूर्वीं कुत्रा पाळल्याचा अनुभव हीं चारहि असतील, तरच जर्मन शेफर्ड किंवा डोबरमान यांचा विचार करावा. रॉटवायलर व त्याहून जड जातींविषयीं आम्ही कोणत्याहि उपनगरी कुटुंबास सल्ला देऊं धजत नाहीं.

कुत्रा आपल्या घराचें रक्षण करतो, याचा अर्थ आपण त्याच्या रक्षणाचें वचन दिलेलें असतें. त्याची भूक, त्याचें भय, त्याचें म्हातारपण हीं सर्व त्या वचनांत येतात. विद्यार्थिमित्रहो, पुढें तुमचें स्वतःचें घर होईल व दाराशीं राखणदार असावा असें तुम्हांसहि वाटेल. त्या वेळीं कुत्र्याचें चित्र पाहण्यापूर्वीं घड्याळाकडे, खोलीच्या मापाकडे आणि घरांतील सर्वांत लहान मुलाकडे पाहा. त्या तिघांनीं संमति दिली, तर खुशाल पिलूं आणा.